शब्दांचे आणि चालीचे पैसे : नागपूरच्या नव्या गीतकार-संगीतकारांसाठी

इंदोऱ्यातल्या किंवा महालातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड होतं. डिस्ट्रिब्युटरच्या ॲपवरून ते स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर चढतं आणि काही महिन्यांनी खात्यात थोडेफार पैसे येऊ लागतात. 'रॉयल्टी भेटून रायली ना भाऊ!' म्हणत लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा सगळेच खूश. पण हे आलेले पैसे रेकॉर्डिंगचे आहेत. शब्दांचे आणि चालीचे पैसे दुसऱ्या वाटेनं येतात, आणि त्या वाटेवर तुमचं नाव तुम्हीच नोंदवावं लागतं. डिस्ट्रिब्युटर ते आपणहून करत नाही.

या कामात क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपापसातला हिस्सा ठरवायचा, मग कंपनीशी करार, मग आयपीआरएसचं, म्हणजे शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आणि त्यानंतर एकेका गाण्याची नोंद. बरेच जण थेट सभासदत्वाच्या अर्जापासून सुरुवात करतात आणि 'या गाण्यात तुमचा वाटा किती?' या रकान्याशी येऊन अडतात. मग व्हॉट्सॲपवर जुनी भांडणं निघतात.

एका गाण्यात किती मालक?

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो. त्याच्या हिशेबानं एक गाणं म्हणजे तीन वेगळ्या कृती. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार. तिसरं ध्वनिमुद्रण; त्याचा कर्ता ते करवून घेणारा निर्माता. चाल स्वरलिपीत लिहिलेली असली पाहिजे अशी अट कायद्यात नाही. पेटीवर बसून लावलेली, मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवलेली चालही तितकीच तुमची.

शब्द आणि चाल यांना धंद्याच्या भाषेत मिळून 'पब्लिशिंग' म्हणतात, रेकॉर्डिंगला 'मास्टर'. प्लॉट एकाचा आणि त्यावरचं बांधकाम दुसऱ्याचं असावं, तसा हा प्रकार आहे. दोन्ही तुमचंच असू शकतं, पण भाडं दोन खात्यांवर येतं. डिस्ट्रिब्युटर बांधकामाचं भाडं आणून देतो. आपण बोलतोय ते प्लॉटच्या भाड्याबद्दल.

हे भाडं मुख्यतः तीन प्रकारचं. गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजलं, कुणी मंचावर गायलं, रेडिओ-टीव्हीवर किंवा इंटरनेटवरून लोकांपर्यंत गेलं की 'परफॉर्मिंग' रॉयल्टी. गाण्याची प्रत निघाली की 'मेकॅनिकल'. ही प्रत एकेकाळी कॅसेट-सीडीची असे; आता डाउनलोड आणि स्ट्रीमिंगमध्येही हा भाग धरला जातो. आणि गाणं जाहिरातीत, चित्रपटात, मालिकेत दृश्याला जोडलं की 'सिंक'. पहिले दोन प्रकार संस्थेमार्फत गोळा होतात. सिंकचा सौदा तुम्ही किंवा तुमचा पब्लिशर (शब्द-चालीचे हक्क सांभाळणारी कंपनी) थेट करतो.

पायरी पहिली : हिस्सापत्रक

हे एक पानी काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. मित्र-मित्र बसून गाणं करतात, तेव्हा कागद काढणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं वाटतं. गाणं चाललं नाही तर कुणी विचारतही नाही. चाललं, तर मात्र मुखडा कुणाचा, ती मधली ओळ कुणी सुचवली, ढोलकीचा तुकडा कुणाचा, हे सगळं निघतं. म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर, स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी, तिथल्या तिथे लिहून घ्या.

काय लिहायचं? गाण्याचं नाव आणि ते ज्या दुसऱ्या नावानं ओळखलं जाऊ शकतं ते नाव (बहुतेक वेळा मुखड्याची पहिली ओळ). प्रत्येकाचं पॅन कार्डावरचं पूर्ण नाव आणि त्यापुढे टोपणनाव. कुणी शब्द लिहिले, कुणी चाल केली, दोन्ही केलं असेल तर तसं. प्रत्येकाचा टक्का. बेरीज शंभर. तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. एवढंच.

पब्लिशर कुणी नसेल तर निम्मं शब्दांचं आणि निम्मं चालीचं, ही रूढ वाटणी. दोघांनी मिळून शब्द लिहिले असतील तर शब्दांच्या ५० मध्ये ते दोघं २५-२५. म्युझिक कंपनी पब्लिशर म्हणून असेल तर साधारणपणे ५० टक्के तिचे, २५ गीतकाराचे, २५ संगीतकाराचे. म्हणजे गाण्याच्या वाट्याला १,००० रुपये आले तर पहिल्या प्रकारात गीतकाराला ५००, दुसऱ्यात २५०. हा फरक पुढच्या पायरीला लक्षात ठेवा.

अरेंजरचं काय, हा नागपुरात हमखास येणारा प्रश्न आहे, कारण इथे एकच माणूस कीबोर्ड वाजवतो, प्रोग्रामिंग करतो, मिक्सिंग करतो आणि स्टुडिओही त्याचाच असतो. माझं मत स्पष्ट आहे. त्यानं ठरलेल्या चालीला वाद्यमेळ दिला असेल तर त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, तिथे विषय संपला. पण मुखड्याआधीची ती धून, जिच्यावरून लोक गाणं ओळखतात, ती त्यानं केली असेल, तर तो संगीतकारच आहे आणि त्याला हिस्सा मिळायला हवा. गायकानं फक्त गायलं असेल तर त्याचा पब्लिशिंगमध्ये वाटा नाही. त्याचे हक्क 'कलाकाराचे हक्क' म्हणून कायद्यात वेगळे आहेत आणि ते गोळा करणारी संस्थाही वेगळी, पूर्वी इसरा आणि आता इसाम्रा नावाची. स्वतःच लिहून, चाल लावून गाणाऱ्यांनी दोन्हीकडे नाव नोंदवावं.

नागपुरी बोलीत रॅप करणाऱ्या पोरांना एक खास सूचना. इंटरनेटवरून 'लीज'वर, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला, घेतलेली बीट (रॅपसाठीचं तयार संगीत) तुमच्या मालकीची होत नाही. त्या लीजच्या कागदात बरेचदा लिहिलेलं असतं की पब्लिशिंगचा निम्मा हिस्सा बीट बनवणाऱ्याचा, आणि अमुक इतक्या स्ट्रीम्सनंतर लायसन्स संपेल. तो कागद डाउनलोड करून ठेवा, वाचा, आणि हिस्सापत्रकात बीटवाल्याचं नाव लिहा. संपूर्ण गाणं स्वतःच्या नावानं नोंदवलं आणि तिकडे त्यानंही नोंदवलं, तर दावे एकमेकांवर आदळतात आणि पैसे दोघांचेही अडकतात.

लोकगीताची चाल घेतली असेल तर? पारंपरिक चाल कुणाच्याच मालकीची नसते. ती 'माझी चाल' म्हणून नोंदवू नका. 'पारंपरिक' लिहा आणि स्वतः काय भर घातली ती सांगा. पण 'पारंपरिक' म्हणून ऐकलेली चाल खरंच पारंपरिक आहे ना, हे आधी तपासा. आपल्याकडे भीमगीतांत, भजनांत, लग्नाच्या गाण्यांत अशा कितीतरी चाली आहेत ज्यांचे कर्ते चांगले ज्ञात आहेत. कॅसेटच्या कव्हरवर नाव छापलं नाही एवढंच.

पायरी दुसरी : कंपनीचा कागद

यूट्यूब चॅनेल असलेली एखादी म्युझिक कंपनी गाणं मागते. कागद पुढे येतो: सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी, आजच्या व भविष्यातल्या सर्व माध्यमांसाठी, एकरकमी पाच हजार रुपये, फुल अँड फायनल. सही करा, चहा घ्या.

इथे थोडा इतिहास लागतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडियन मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गाण्याचे हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याकडे जातात. त्यानंतर पस्तीस वर्षं बहुतेक गीतकार-संगीतकार एकरकमी पैशांवर राहिले. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८ मध्ये महत्त्वाची अट आली. चित्रपटातलं गाणं असेल तर चित्रपटगृहात चित्रपट दाखवणं सोडून बाकी सगळ्या वापरांवर, आणि चित्रपटाबाहेरचं गाणं असेल तर कोणत्याही वापरावर, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळालाच पाहिजे. हा वाटा मिळण्याचा हक्क तो सोडूनही देऊ शकत नाही. फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देऊ शकतो. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल.

म्हणजे तुम्ही कंपनीला कॉपीराइट देऊ शकता, पण रॉयल्टीतला तुमचा वाटा कंपनी पाच हजारांत विकत घेऊ शकत नाही. 'सगळे हक्क गेले, आता काय उरलं' असं म्हणून जे सभासदत्व घेतच नाहीत, त्यांच्यासाठी हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे.

तरी कायदा आहे म्हणून कागद न वाचता सही करायची नाही. कलम १९ सांगतं की हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहिलेलं असावं. काळ लिहिलाच नसेल तर तो पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेऊन कंपनीने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर त्या हक्कांचं हस्तांतरण संपतं, जोपर्यंत करारात वेगळं लिहिलेलं नाही. गाणं घेऊन ठेवायचं आणि रिलीजच करायचं नाही, हा अनुभव आपल्याकडे बऱ्याच जणांना आला आहे. म्हणून 'वर्षभरात प्रसिद्ध न केल्यास हक्क परत' ही ओळ आग्रहानं घालून घ्या, आणि त्याच्या उलट ओळ दिसली तर खोडायला सांगा.

वाटाघाटीत आणखी काय मागावं? मुदत. कायमच्या ऐवजी दहा वर्षं म्हणून बघा. नाही म्हणतील, मग पंधरावर येतील. दर सहा महिन्यांनी हिशेब. प्रत्येक मंचावर गीतकार-संगीतकाराचं नाव. आणि सर्वात महत्त्वाचं: 'गीतकार व संगीतकार हे कॉपीराइट संस्थेचे सभासद आहेत किंवा होऊ शकतात, आणि त्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या रॉयल्टीवरचा त्यांचा हक्क अबाधित राहील.' ही ओळ कंपनी सहसा नाकारत नाही, कारण नाकारून तिच्या हाती काही लागत नाही. स्टॅम्पपेपरवर करायचं असेल तर शंभराचा शोधत बसू नका. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा कागदांना ५०० रुपयांचा लागतो.

एक आडवळणाचा मुद्दा. आकाशवाणीवर गायल्याचं किंवा वाचनाचं जे मानधन मिळतं, ते त्या कार्यक्रमाचं. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे आणि इथल्या कितीतरी घरांत त्या मानधनाच्या चेकलाच 'रॉयल्टी' म्हणतात. तो वेगळा पैसा आहे.

पायरी तिसरी : कॉपीराइटची नोंदणी करायची का?

लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन होतो. शब्दांसाठी वेगळा, चालीसाठी वेगळा, प्रत्येकी ५०० रुपये. ध्वनिमुद्रणाला २,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. प्रत्येक गाण्याला हे करणं नव्या माणसाला परवडत नाही. ज्या गाण्याकडून अपेक्षा आहे त्याचं करा. बाकीच्यांसाठी तारखेसह मसुदे, व्हॉइस नोट आणि सह्या केलेलं हिस्सापत्रक सांभाळून ठेवा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं सीलबंद पाकीट पाठवण्याचा जुना उपाय नोंदणीची जागा घेत नाही.

पायरी चौथी : आयपीआरएसचं सभासदत्व

इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ मध्ये स्थापन झाली. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या व्यवस्थेत २०१७ मध्ये तिची पुन्हा नोंदणी झाली. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी देशातली संस्था हीच. कार्यालय मुंबईला अंधेरीत आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची गरज नाही.

सभासदत्वाचे प्रकार असतात: गीतकार, संगीतकार, दोन्ही, पब्लिशर, आणि वारस. स्वतःच्या नावानं गाणी काढणाऱ्यानं सुरुवातीला गीतकार किंवा संगीतकार म्हणूनच जावं. 'स्वतःची पब्लिशिंग कंपनी' काढण्याची घाई नको. पब्लिशर नसलेल्या गाण्याचा पूर्ण वाटा तसाही कर्त्यांकडेच येतो. पॅन, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, रद्द केलेला चेक, फोटो आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा तपशील तयार ठेवा. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे पॅनवर वडिलांचं नाव मधे असतं, बँकेत नसतं, आणि अर्ज तिथेच लोंबकळतो.

सही करताना एक गोष्ट समजून घ्या. सभासद झालात की परफॉर्मिंग आणि मेकॅनिकल हक्क तुम्ही संस्थेकडे सोपवता. त्यानंतर एखाद्या आयोजकाला 'माझं गाणं आहे, वाजवा बिनधास्त, परवान्याची गरज नाही' असं परस्पर सांगता येत नाही. काहींना हे जाचक वाटतं. मला तरी वाटतं की एकट्या माणसाला देशभरातल्या हॉटेलांमागे आणि रेडिओ केंद्रांमागे हिंडता येत नाही, तेव्हा हा सौदा योग्यच आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर तुम्हाला आयपीआय क्रमांक मिळतो. जगभरातल्या अशा संस्था तुम्हाला याच क्रमांकानं ओळखतात. तो पाठ करा, नाहीतर मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक हिस्सापत्रकावर तो लागेल.

पायरी पाचवी : गाण्यांची नोंद

सभासद झालो म्हणजे काम झालं, हा सर्वात महागात पडणारा गैरसमज. संस्थेला तुम्ही माहीत झालात, तुमची गाणी नाही. प्रत्येक गाणं सभासदांच्या पोर्टलवर स्वतः नोंदवावं लागतं, आणि खरी मेहनत इथे आहे.

रेडिओ आणि स्ट्रीमिंगवाल्यांकडून संस्थेकडे जे अहवाल येतात, त्यात लाखो ओळी असतात: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, रेकॉर्डिंगचा क्रमांक. त्या ओळीशी तुमची नोंद जुळली तरच पैसे तुमच्या नावावर पडतात. मराठी गाण्यांची नावं रोमन लिपीत चार जण चार तऱ्हेनं लिहितात. एकच 'पाऊस' कुणी दोन स्वर जोडून लिहितो, कुणी तीन. म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे जे स्पेलिंग टाकलं तेच नोंदीत मुख्य नाव म्हणून द्या, आणि बाकीची शक्य स्पेलिंगं पर्यायी नावं म्हणून भरा. गायकाचं नावही तसंच.

दोन क्रमांकांत गल्लत करू नका. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगचा असतो आणि डिस्ट्रिब्युटर तो देतो. आयएसडब्ल्यूसी हा गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. तो नोंदीनंतर संस्थेमार्फत मिळतो. एकाच गाण्याची साधी आवृत्ती, रीमिक्स आणि लाइव्ह अशी तीन रेकॉर्डिंगं असतील तर आयएसआरसी तीन, आयएसडब्ल्यूसी एकच. नोंद करताना तिन्ही आयएसआरसी त्या एका गाण्याशी जोडा. एवढं केलं तरी जुळणीची बरीच डोकेदुखी कमी होते.

सहलेखकही सभासद असेल तर दोघांच्या नोंदीत टक्के सारखेच हवेत. हिस्सापत्रक इथे कामाला येतं. सहलेखक सभासद नसेल तर त्याचा वाटा तुम्हाला मिळत नाही. त्याला तेवढं समजावून सभासद व्हायला लावा.

पैसे कुठून येतात, कुठून येत नाहीत

रेडिओबद्दल एक मोठा वाद बरीच वर्षं चालला. रेकॉर्डिंगचे पैसे दिले, मग शब्द-चालीचे वेगळे कशाला, असं केंद्रांचं म्हणणं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात आयपीआरएसच्या बाजूनं कौल दिला: २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क वेगळा आहे. तेव्हा शहरातल्या खासगी एफएमवर तुमचं गाणं वाजलं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवायची सवय लावा.

मंचाचं गणित वेगळं. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम होतो, तेव्हा परवाना घेण्याची जबाबदारी आयोजकाची. पण त्या रात्री कोणती गाणी झाली, हे कुणी कळवलं नाही तर जमा झालेली रक्कम तुमच्यापर्यंत पोचणार कशी? गाण्यांची यादी आयोजकाला लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि संस्थेलाही कळवा. स्वतःचीच गाणी स्वतः गात असाल तरी द्या. ऑर्केस्ट्रावाल्यांना ही यादी म्हणजे कटकट वाटते; त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण तुमचं गाणं गावोगाव तेच नेतात.

लग्नाच्या वरातीत बँडनं तुमचं गाणं वाजवलं तर आनंद माना, पैशांची अपेक्षा नको. कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभांना आणि शासनाच्या अधिकृत समारंभांना सूट आहे, आणि वरात व लग्नाशी संबंधित समारंभ त्यातच मोडतात. नाटकाच्या आत गायलं जाणारं गाणं, मग ते शहरातलं असो की झाडीपट्टीतलं, त्याचे पैसे नाट्यमंडळाशी थेट आणि आधीच ठरवा.

सिंकचा सौदा

इतवारीतला सराफ किंवा बर्डीवरचा कोचिंग क्लास तुमच्या गाण्याचा मुखडा जाहिरातीसाठी मागतो. इथे संस्था मधे नाही, म्हणून पत्र तुम्हीच लिहायचं: किती सेकंद, कोणत्या माध्यमात, किती महिने, कोणत्या प्रदेशात, किती रुपये. 'इन्स्टाग्रामवर तीन महिने' आणि 'सगळीकडे कायमचं' यांची किंमत एक असू शकत नाही. शब्द-चाल तुमची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं असेल तर जाहिरातदाराला दोन परवानग्या लागतील. दोन्हींची रक्कम साधारण सारखी असावी असा आग्रह धरा. शब्द बदलून हवे असतील, म्हणजे प्रेयसीच्या जागी पैठणी टाकायची असेल, तर त्याचे वेगळे पैसे सांगा, आणि बदललेल्या ओळी स्वतःच लिहून द्या.

परदेशातले पैसे

पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या कुणी तिकडे तुमचं गाणं लावलं, तरी त्याचा हिशेब तिथल्या संस्थेकडे होतो. आयपीआरएसचे परदेशी संस्थांशी परस्पर करार आहेत आणि पैसे त्या मार्गानं फिरून येतात. उशीर लागतो. उशीर बघून काही जण ॲस्कॅप किंवा बीएमआय या अमेरिकी संस्थांचंही सभासदत्व घेतात, शिवाय एखाद्या ऑनलाइन पब्लिशिंग सेवेलाही सगळं देऊन टाकतात. एकाच प्रदेशासाठी एकाच हक्काचे पैसे गोळा करायला दोघांना नेमू नका. अमेरिकेत स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकल रॉयल्टीसाठी २०२१ पासून एमएलसी ही वेगळी संस्था आहे. तिच्याकडे नाव देण्याआधी आयपीआरएसला विचारा की तुमच्या गाण्यांचा तिथला हिशेब कोण बघतं. डिस्ट्रिब्युटरच्या ॲपवर 'पब्लिशिंग ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणून एक बटण दिसतं, तेही याच कारणासाठी विचार करून दाबा.

कर

रॉयल्टीवर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर २०. कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर दिसते आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळते. यूट्यूबचे पैसे येत असतील तर त्यांचा अमेरिकी कराचा फॉर्म भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते.

वारसांसाठी

नागपूर हे शाहिरांचं, गझलकारांचं, भजन लिहिणाऱ्यांचं शहर. कितीतरी घरांत आजोबांची वही ट्रंकेत आहे आणि त्यातली गाणी आजही दीक्षाभूमीच्या परिसरात, गल्लीतल्या जयंतीच्या मंचावर वाजतात. कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवर आणि चालींवर कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. सुरेश भट २००३ मध्ये नागपुरात गेले, म्हणजे त्यांच्या रचनांचा काळ २०६३ अखेरपर्यंत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांच्या रचनांचा २०२८ अखेरपर्यंत.

तुमच्या घरातला कर्ता गेला असेल तर वारस म्हणून सभासदत्व घेता येतं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. भावंडांत कुणाच्या नावे पैसे यायचे हे आधी घरात बसून ठरवा. मग वही उघडा आणि यादी करा: गाण्याची पहिली ओळ, चाल कुणाची, कोणत्या कॅसेटवर होतं, कुणी गायलं, कव्हरवर गीतकाराचं नाव आहे की नाही. कव्हरांचे फोटो काढा. जुन्या कंपनीशी काही कागद झाला होता का, ते कपाटात शोधा. सापडला तर त्याची तारीख बघा, कारण २०१२ च्या आधीचा असेल तर वकिलाला दाखवूनच पुढे जावं. नाव नसलेल्या कॅसेटसाठी त्या वेळचे गायक, वादक, मंडळाचे कार्यकर्ते यांच्याकडून लेखी घ्या की हे शब्द यांचेच. त्यांची वयंही आता झाली आहेत, तेव्हा हे काम या दिवाळीच्या आधी उरका.